आधी निरोप, मग परीक्षा

आपल्याकडे दहावीच्या मुलांना निरोप आधी देतात आणि परीक्षा नंतर घेतात. लग्न लागायच्या आधीच पाठवणी उरकून घ्यावी, तसला हा प्रकार. फेब्रुवारीतल्या एका दुपारी रडारड होते, फोटो निघतात, मुख्याध्यापक शुभेच्छा देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तीच पोरं भूमितीच्या जादा तासाला त्याच बाकांवर येऊन बसतात. काल जिच्या गळ्यात पडून रडले तिच्याशी आज बोलायचं काय, असा मला तेव्हा प्रश्न पडला होता. तिला नव्हता पडला. तिने विचारलं, "प्रमेय पाठ झालं का गं?"

हल्ली बालवाडी संपवणाऱ्या पोरांना काळा झगा आणि गोंड्याची टोपी घालून स्टेजवर चढवतात. हातात सुरळी देतात, आईबाप फोटो काढतात, सगळं साग्रसंगीत. दहा वर्षं शाळेत घालवलेल्या, मिसरूड फुटलेल्या पोरांच्या वाट्याला मात्र असा एकही दिवस येत नाही, ज्या दिवशी कुणी समोर उभं राहून म्हणेल की बाबांनो, झालं, सुटलात. राज्यात दरवर्षी 15-16 लाख मुलं दहावीला बसतात. शाळा नेमकी कुठल्या दिवशी संपली, असं त्यांतल्या कुणालाही विचारा. कुणी म्हणेल निरोप समारंभाला, कुणी म्हणेल शेवटच्या पेपराला, कुणी म्हणेल निकाल लागला तेव्हा. मला विचाराल तर शाळा एकदम सुटत नाही, थोडी थोडी सुटते, आणि सुटताना कळत नाही.

मी 2004 च्या मार्चमध्ये दहावी दिली. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, शाळा एसटीने पाऊण तासावर. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट मिळायचा. माझा तो पास कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली असायचा. त्याच्यावरचा माझा फोटो पाचवीतला होता, दोन शेपट्या आणि तेल चोपडलेलं कपाळ. कंडक्टर रोजचे, ते पास बघायचेही नाहीत. पण नवीन कंडक्टर आला की आधी फोटोकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग "बस" म्हणायचा. तेव्हा ही सवलत दहावीपर्यंतच होती. ती बारावीपर्यंत वाढली ती फार नंतर. म्हणजे आमच्यासारख्या वाडीवरच्या मुलींची दहावी संपणं म्हणजे फुकटचा प्रवास संपणं, आणि घरात बसून जो हिशेब मांडला जायचा तो मार्कांचा नसायचा, तिकिटाचा असायचा. माझ्या वर्गातल्या काही मुलींचं शिक्षण त्या हिशेबातच थांबलं. निकाल लागायच्या आधीच.

ते साल दुष्काळाचं होतं. माणला दुष्काळाचं नवल नाही, पण त्या वर्षी शाळू कमरेएवढासुद्धा आला नव्हता. गावात टँकर यायचा तो कधीही, आणि तो आला की घरातलं जे माणूस मोकळं असेल त्याने घागरी घेऊन पळायचं. दहावीची पोर म्हणून मला त्यातून सूट होती. आजवर मला घरात मिळालेली ती पहिली सूट. आजी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "नातीची मॅट्रिक हाय औंदा." दहावी, बोर्ड, एसएससी हे शब्द तिच्या लेखी नव्हतेच. मॅट्रिक म्हटलं की समोरचा आवाज खाली करायचा. मी पहाटे चारला उठायचे, कारण रात्री वीज असेलच याची खात्री नव्हती आणि पहाटे असली तर असायची. नसली की कंदील. इतिहासाच्या पुस्तकाला रॉकेलचा वास होता, आणि तो मला पुढे परीक्षेच्या वर्गातही येत राहिला.

आमच्या वर्गाचा शेवटचा तास कधी झाला, हे मला आठवत नाही. डिसेंबरच्या मध्यावर 'पोर्शन' संपला. मग उजळणी. मग जादा तास, म्हणजे ज्या सरांना जेव्हा वेळ असेल तेव्हा ते येणार आणि फळ्यावर मागच्या पाच वर्षांचे प्रश्न लिहिणार. जानेवारीत पूर्वपरीक्षा. तिचे पेपर मुद्दाम कडक तपासायचे, अशी शाळांची रीतच आहे. पोरं हबकावीत आणि महिनाभर झटून अभ्यासाला लागावीत, हा हिशेब. आम्ही हबकलो. वेळापत्रकाचा कागद फळ्याच्या बाजूला चिकटवलेला होता, त्यावर शनिवारच्या शेवटच्या दोन तासांना 'पी.टी.' लिहिलेलं होतं. ते तास नोव्हेंबरपासून बीजगणिताने खाल्ले होते. खो-खोचा खांब मैदानात तसाच उभा. त्याला शेवटचा हात कधी लावला, कुणी सांगू शकणार नाही.

मुलांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्यासाठी शाळेत रात्र अभ्यासिका चालायची. ग्रामीण भागातल्या शाळांत ही जुनी पद्धत: दहावीची मुलं अंथरूण-पांघरूण घेऊन शाळेतच मुक्कामी, एक शिक्षक पाळीने सोबत, रात्री दहापर्यंत अभ्यास, पहाटे पुन्हा. जेवणाचा डबा घरून. सकाळी आम्ही एसटीतून उतरायचो तेव्हा ही मंडळी हौदाकाठी दात घासत उभी असायची आणि आमच्याकडे अशी बघायची, की शाळा त्यांच्या नावावर झाली आहे आणि आम्ही पाहुण्या आलोय. रात्री कुणी कुणाच्या तोंडाला शाई फासली, कोण भुताला घाबरून सरांच्या अंथरुणात शिरलं, हे सगळं आम्हाला मधल्या सुट्टीत ऐकायला मिळायचं. आम्हाला पाच वाजताची एसटी. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रं दरवर्षी 'यंदाही मुलींचीच बाजी' असा मथळा देतात आणि तो खराही असतो. पण त्या मुक्कामाचा हेवा मला अजून वाटतो. मार्क आम्हाला मिळाले, शाळा त्यांना मिळाली.

विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्या दोन महिन्यांत मला खरोखर आवडलेली गोष्ट तीच. आधी प्रयोगवहीचं शेपूट. डाव्या कोऱ्या पानावर आकृती, उजव्या रेघांच्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. वर्षभर कुणीच पूर्ण केलेली नसते. मग एका आठवड्यात, एकीची वही दुसरीकडे, दुसरीची तिसरीकडे, अशी सगळी वर्गवही फिरते. आकृत्या एकाच हुशार मुलीच्या, म्हणून सगळ्यांच्या परीक्षानळ्या डावीकडे कललेल्या. पहिल्या पानावर प्रमाणपत्र असतं, त्यावर बाईंची सही झाली की जीव भांड्यात.

मला चिठ्ठीत बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर आलं. सोपा प्रयोग, सगळ्यांना हवा असलेला. प्रयोगशाळेच्या खिडकीशी भिंग स्टँडला लावायचं, मागे पांढरा कागद धरायचा आणि तो पुढे-मागे सरकवत राहायचं. आधी नुसता उजेडाचा डाग. मग डागाच्या कडा गोळा होतात. मग एकदम, कागदावर, पेठेतल्या फोटोवाल्याच्या दुकानातल्या फोटोएवढं मैदान उभं राहतं, उलटं. कडुनिंब शेंड्यावर उभा. त्याच्या खाली, म्हणजे वर, मुख्याध्यापकांची स्कूटर चाकं आकाशाला लावून. आणि निंबाची पानं हलत होती. पुस्तकातल्या आकृतीत झाड कधी हलत नाही, त्यामुळे मला ते माहीतच नव्हतं. मी पट्टीने अंतर मोजायचं सोडून बघत बसले. परगावच्या शाळेतून आलेले बाह्य परीक्षक मागे येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, "प्रतिमा कशी आहे?" मी म्हटलं, "छान आहे सर." आमच्या बाईंनी मागून डोळे वटारले. "वास्तव आणि उलट," मी म्हटलं. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि जाता जाता स्वतःही एकदा वाकून कागदाकडे बघून घेतलं.

निरोप समारंभ त्यानंतरच्या आठवड्यात झाला. तो नववीने करायचा असतो, दहावीने फक्त नटून यायचं. आईची साडी, मावशीचं ब्लाउज, आणि दोन्ही जमेपर्यंत पंचवीस सेफ्टी पिना. एसटीत चढताना निऱ्या सुटल्या त्या कंडक्टरच्या घंटीच्या दोरीखाली उभं राहून दोघींनी पुन्हा घातल्या. सरस्वतीपूजन, स्वागतगीत, नववीच्या दोघांची भाषणं, दहावीच्या चौघांची मनोगतं. मनोगताचा मजकूर शाळेत पिढीजात असतो. 'पाखरं उडून जाणार', 'ज्ञानमंदिर', 'शिल्पकार' आणि शेवटी 'चुकलं असेल तर माफ करा'. हेच शब्द मी आठवीत असताना ऐकले, नववीत असताना ऐकले, आणि ऐकताना तोंड दाबून हसलेही. पण दहावीत ऐकताना सगळा वर्ग रडला. कुणी सुरुवात केली कळलं नाही. मनोगत वाचणारी स्वतः शांत होती. तिला कागद वाचायचा होता.

प्रमुख पाहुणे दहावी हा आयुष्याचा टर्निंग पॉईंट आहे असं म्हणाले. मुख्याध्यापक उठले आणि त्यांनी तेवढं एकच कामाचं भाषण केलं: हॉल तिकीट झेरॉक्स काढून घरी ठेवा, दोन निळी पेनं न्या, केंद्रावर साडेदहाला पोचा, पुरवणी घेतली की तिच्यावर बैठक क्रमांक आधी टाका आणि दोरा घट्ट बांधा. मला आजही वाटतं, निरोपाचं भाषण असंच असावं. त्यानंतर पुरी, बटाट्याची भाजी, शिरा. शाळेला भेट म्हणून आमच्या वर्गाने भिंतीवरचं घड्याळ दिलं. आधीच्या तीन वर्गांनीही घड्याळंच दिली होती. कार्यालयात ती एका ओळीत लागलेली होती आणि प्रत्येकाची वेळ निराळी.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. हीही आपली खास रीत. ज्या इमारतीत दहा वर्षं काढली तिथे शेवटचा पेपर लिहायचा नाही. लिहायचा तो अनोळखी वर्गात, अनोळखी बाकावर. बाकावर कुणीतरी कर्कटकाने बदाम कोरलेला, त्यावर खडूने आपला क्रमांक. आईने पहिल्या दिवशी हातावर दही-साखर ठेवली. तीन तासांचा पेपर आणि आम्ही मुली सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता बसायचो, कारण त्या शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. आमच्याही शाळेत नव्हती, पण तिथे निदान मैत्रीण दाराशी उभी राहायची. हे कुणालाच सांगायची गोष्ट वाटत नव्हती, म्हणून कुणी सांगितली नाही. कंपाउंडबाहेर कॉपी पुरवणाऱ्यांची जत्रा, मग भरारी पथकाची जीप आली रे आली की तीच जत्रा उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाकडे. आमच्या वर्गात एकदाच पथक आलं. त्यातल्या बाईंनी माझी कंपासपेटी उघडली, एसटीचा पास बाहेर काढला, दोन शेपट्यांच्या फोटोकडे बघितलं आणि पेटी बंद केली.

शेवटचा पेपर भूगोलाचा. वर्तमानपत्रात त्या दिवशी हमखास एक फोटो छापून येतो, हवेत उड्या मारणाऱ्या मुलींचा. पुण्या-मुंबईच्या मुलींना उडी मारायला वेळ असेल. आमची घंटा दोनला झाली आणि आमच्या बाजूची गाडी दोन वीसला होती. ती चुकली की थेट साडेपाच. पळत सुटलो. माझ्या पुढच्या बाकावर बसणारा, चौथीपासून माझ्याच वर्गात असलेला मुलगा विरुद्ध बाजूच्या गाडीत चढत होता. त्याने खिडकीतून ओरडून विचारलं, "नकाशा किती मार्काचा होता?" मी बोटं दाखवली. त्याच आठवड्यात तो चुलत्याबरोबर कोइमतूरला गेला, गलाईच्या दुकानात. आमच्या माण, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली आहेत. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं काम. घराण्यात कुणी त्या धंद्यात असलं की दहावीचा शेवटचा पेपर म्हणजे तिकडे रवाना होण्याची तारीख. निकालाला तो आला नाही. त्याची गुणपत्रिका त्याच्या आजोबांनी अंगठा लावून नेली.

माझी भाची 2020 च्या दहावीची. तिच्या वेळी भूगोलात भारत आणि ब्राझील अशी जोडी होती. वर्षभर घरात अॅमेझॉनचं खोरं आणि कॉफीचे मळे ऐकून आम्हालाही पाठ झाले. भूगोलाचा तो शेवटचा पेपर 23 मार्चला होता. कोरोनामुळे आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. "माझा ब्राझील वाया गेला," ती म्हणायची. त्यांच्यानंतरच्या वर्षी तर परीक्षाच झाली नाही. नववीचे आणि दहावीचे अंतर्गत गुण धरून 16 जुलै 2021 ला निकाल लागला, 99.95 टक्के. त्या मुलांना लोक अजून चेष्टेने 'कोरोना बॅच' म्हणतात. चेष्टा करणाऱ्यांना एवढंच सांगते, की त्या मुलांच्या वाट्याला निरोपाचा शिराही आला नाही.

आता मंडळाने परीक्षा आणखी अलीकडे आणली आहे. 2025 ला दहावीचा पहिला पेपर 21 फेब्रुवारीला होता. साहजिकच निरोप समारंभही मागे सरकतो, प्रजासत्ताक दिनाला चिकटतो. तिळगूळ संपत नाही तोवर पाखरं उडायला लागतात.

आमची शाळा कागदोपत्री संपली ती जूनमध्ये, शाळा सोडल्याच्या दाखल्याने. निकालाच्या आठवड्यात कार्यालयाच्या खिडकीशी रांग लागते. क्लार्क भाऊसाहेब जाडजूड जनरल रजिस्टर उघडून त्यातून उतरवून काढतात: नाव, आईचं नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. आमच्या वर्गातल्या निम्म्यांची जन्मतारीख 1 जून. घरच्यांना तारीख सांगता आली नाही की पहिलीत नाव घालताना गुरुजी ती टाकून द्यायचे, म्हणजे वय बरोबर बसायचं. त्याखाली प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. सगळ्यांचीच चांगली. सरांच्या अंथरुणात शिरणाऱ्याचीही. शाळा सोडण्याचं कारण: इयत्ता दहावी उत्तीर्ण. हा कागद घेऊन अकरावीच्या प्रवेशाला गेले, तर तिथे मूळ दाखला त्यांनी ठेवून घेतला आणि मला झेरॉक्स राहिली. नियमच तसा आहे.

तर ज्या समारंभाची मी सुरुवातीपासून तक्रार करते आहे, तो आपल्याकडे होतो. वीस वर्षं उशिराने होतो, एवढंच. गावोगावी मे महिन्यात शाळांच्या दारावर फ्लेक्स लागतात: दहावी, सन अमुक-अमुक, स्नेहमेळावा. लोक त्यांची टिंगल करतात. मीही करायचे. मग 2024 ला आमचा झाला. व्हॉट्सॲप ग्रुप झाला, वर्गणी ठरली, फेटे बांधले. घंटा दिली, रांगेत उभं राहून राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा म्हटली, आणि मग जुन्याच वर्गात, गुडघे बाकात मावत नसताना, बसलो. निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाईंनी हजेरी घेतली. कोइमतूरवाला दोन दिवस गाडी चालवून आला होता, बोटात चार अंगठ्या. त्याने "हजर" म्हटलं आणि लगेच मागे वळून मला म्हणाला, "नकाशा चार मार्काचा होता." आम्ही दोघंही चाळिशीकडे झुकलेलो, आणि हे त्याच्या डोक्यात वीस वर्षं बसून होतं.

बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्या फार बोलल्या नाहीत. "आता परीक्षा नाही, त्यामुळे सावकाश जेवा," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी खरंच कुणाला घाई नव्हती. कुणाची गाडी दोन वीसला नव्हती. बहुतेकांच्या स्वतःच्या गाड्या मैदानात उभ्या होत्या.

भांडण मात्र शाळेला काय भेट द्यायची यावरून झालं. मी म्हटलं, मुलींच्या स्वच्छतागृहाची दारं दुरुस्त करू, कड्या अजून नाहीत, मी आत्ताच बघून आलेय. मुलांचं म्हणणं, थंड पाण्याचा कूलर द्यावा, त्याच्यावर 'सौजन्य: 2004 बॅच' असं नाव टाकता येतं, दारावर नाव टाकणं बरं दिसत नाही. आम्ही मुली कमी आलो होतो. बऱ्याच जणींना घरून निघता आलं नव्हतं. कूलर ठरला. वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक राहिलेत, त्यांतून निदान कड्या तरी बसवा, असं मी ग्रुपवर लिहिलं. बऱ्याच जणांनी अंगठे दिले. त्या शिलकेचा हिशेब मागितला की ग्रुपचा ॲडमिन सुप्रभातचं गुलाब पाठवतो.